व्याधिक्षमत्व आणि योगाभ्यास

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात अग्निवेश आपल्या गुरूंना, म्हणजे भगवान आत्रेयांना, एक मार्मिक प्रश्न विचारतो. पथ्याने राहणारी माणसे आजारी पडलेली दिसतात आणि वाटेल ते खाणारी खुशाल हिंडताना दिसतात. मग पथ्याचा उपयोग काय, असा त्या प्रश्नाचा भाव आहे. प्रश्न जुना खरा, पण शिळा नव्हे. दिंडीत एकाच पंगतीला जेवलेल्या, एकाच राहुटीत निजलेल्या दहा जणांपैकी दोघांना ताप भरतो आणि आठ जण टाळ वाजवीत पुढच्या मुक्कामाला लागतात. पाऊस तोच, पाणी तेच, भाकरीही तीच. मग हा भेद पडला कशाने?

आत्रेयांचे उत्तर असे, की रोग होणे न होणे एकट्या अन्नावर नसते. काळ, वागणूक आणि त्या त्या देहाचे बळ हेही पाहावे लागते. रोगाला तोंड देण्याचे सामर्थ्य सर्वांच्या ठायी सारखे नसते. या सामर्थ्यालाच तेथे व्याधिक्षमत्व असे नाव आहे. अकराव्या शतकातील टीकाकार चक्रपाणिदत्त यांनी त्याचे दोन भाग केले: आलेल्या रोगाच्या जोराला विरोध करणे हा एक, आणि रोग मुळात उपजूच न देणे हा दुसरा. आज ज्याला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो, ती हीच.

योगाभ्यासाने हे व्याधिक्षमत्व वाढते काय, हा या पाठाचा विषय. २०२० साली महामारीमुळे पालख्या थांबल्या, संतांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या, तेव्हापासून हा प्रश्न घरोघर विचारला जातो. कीर्तन संपले, आरती झाली, की कुणीतरी हळूच जवळ येऊन म्हणतो, "महाराज, रोज कपालभाती करतो, आता मला काही होणार नाही ना?" या 'काही होणार नाही' मध्ये जे खरे आहे ते आणि जे खोटे आहे ते, दोन्ही वेगळे करून दाखवावे असे आम्ही योजले आहे. कारण येथे चूक झाली तर ती पाठांतरातल्या चुकीसारखी नसते. ती जिवावर बेतते.

शरीरातील पहारा

प्रथम हा पहारा कसा असतो ते पाहू. १८८२ साली मेचनिकॉव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने सिसिलीतील मेसिना गावी समुद्रतारा नावाच्या जीवाच्या पारदर्शक पिलांना बारीक काटे टोचून ठेवले. सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहतो तो काय, काट्याभोवती हलत्या पेशींचा वेढा पडलेला! बाहेरून आलेल्या वस्तूला घेरून गिळून टाकणाऱ्या या पेशी आपल्याही रक्तात आहेत. हा पहिला पहारा जन्मजात. चोर कोण, कुठला, याची चौकशी तो करीत बसत नाही. परका दिसला की धरतो.

दुसरा पहारा शिकलेला. त्यातील पेशी एकेका जंतूची ओळख करून घेतात, त्याच्या मापाची प्रतिद्रव्ये तयार करतात, आणि तोच जंतू पुन्हा आला तर ओळख लक्षात ठेवून लवकर उठतात. या स्मरणावरच लसीचा सारा व्यवहार चालतो. इंग्लंडात जेन्नर यांनी १७९६ मध्ये गोवराची नव्हे, बरे का, गायीच्या देवीची लस एका मुलाला टोचली आणि माणसाच्या देवीपासून त्याला वाचवले. ती याच स्मरणाची किमया.

आता एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पहारेकरी जितके तापट तितके चांगले, असे मुळीच नाही. घरच्याच माणसाला चोर समजून झोडपणारा पहारेकरी काय कामाचा? आमवातात हाच पहारा आपल्याच सांध्यांवर उठतो. दम्याच्या अनेक रोग्यांत फुलांच्या परागावर किंवा धुळीवर तो नको तितका खवळतो. म्हणून प्रतिकारशक्ती 'वाढवा, वाढवा' असा जो घोष चालतो, तो शब्दच आम्हांस अपुरा वाटतो. ती वाढायला नको, सम राहायला हवी: शत्रू आला तर उठावी, गेला की बसावी, आणि आपल्या माणसावर हात टाकू नये. गीतेने योगाची एक व्याख्या समत्व अशीच केली आहे. तो उपदेश चित्ताचा आहे हे खरे. पण देहाच्या या पहाऱ्यालाही तो शब्द चपखल बसतो. या पाठाचा सिद्धांत एवढाच, की योगाभ्यास पहाऱ्याला नवी शस्त्रे देत नाही, त्याला सम राहण्यास साह्य करतो. हे कसे घडते ते आता पाहू.

मनाची वाट

चरकाने ज्यांच्या अंगी व्याधिक्षमत्व कमी अशांची एक यादी दिली आहे. अति लठ्ठ, अति कृश, दुर्बळ, अपुरे खाणारे, न मानवणारे अन्न खाऊन पोसलेले, अशी नावे घेता घेता त्याने शेवटी अल्पसत्त्व, म्हणजे मनाने कच्चा असलेला माणूस, हाही त्यातच बसवला आहे. देहाच्या यादीत मन कशाला, असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर विसाव्या शतकात प्रयोगशाळेतून मिळाले.

कॅनडात मॉन्ट्रियल येथे हान्स सेली यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कुणाला थंडीत ठेवले, कुणाला इजा केली, कुणाला अति श्रम दिले. पीडा निरनिराळी, पण आत परिणाम एकच. मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथी फुगल्या, पोटात व्रण पडले, आणि छातीतील थायमस ग्रंथी व लसिकाग्रंथी आक्रसल्या. थायमस आणि लसिकाग्रंथी म्हणजे तर पहारेकऱ्यांच्या तालमी आणि चौक्या!

याची रीत अशी. संकट दिसले की मूत्रपिंडांच्या माथ्यावरील या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. वाघ समोर आला तर ती हवीतच. थोड्या वेळापुरती ती पहाऱ्यालाही जागे करतात. पण वाघ नसताना, सावकाराची काळजी, भाऊबंदकीचा दावा, लेकीच्या सासरची चिंता अशी महिनोन्‌महिने चालू राहिली, तर तेच द्रव्य पहारा ढिला पाडते. आणखी एक बिघाड होतो. कॉर्टिसॉलचे एक काम दाह आवरण्याचे. ते सदाच रक्तात राहिले की पेशी त्याला जुमानीत नाहीत. रोज हाकाटी ऐकून बहिरा झालेला पहारेकरी जसा खऱ्या हाकेलाही उठत नाही, तसेच हे. मग एकीकडे पहारा सुस्त आणि दुसरीकडे आत बारीक दाह धुमसत राहिलेला, अशी दुहेरी हानी होते.

याचे प्रत्यक्ष प्रमाण पाहा. शेल्डन कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्लंडातील ३९४ निरोगी माणसांच्या नाकात त्यांच्या संमतीने सर्दीच्या विषाणूंचे थेंब घालून त्यांना वेगळे ठेवले होते. विषाणू सर्वांनाच दिला. पण ज्यांच्या मनावर ताण सर्वांत कमी त्यांच्यापैकी सुमारे २७ टक्क्यांना सर्दी झाली, आणि ताण सर्वांत अधिक त्यांच्यापैकी सुमारे ४७ टक्क्यांना. अमेरिकेत १९९५ मध्ये आणखी एक अभ्यास झाला. भ्रमिष्ट झालेल्या आप्ताची रात्रंदिवस सेवा करणाऱ्या १३ बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ बायका घेतल्या, व प्रत्येकीच्या हातावर सारखीच लहानशी जखम केली. सेवा करणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. अग्निवेशाच्या प्रश्नाचे एक उत्तर येथे आहे. अन्न तेच, जंतू तोच. भेद पडला तो मनावरच्या ओझ्याने.

योगाभ्यास काय करतो

ओझे कमी झाले तर पहारा सुधारेल, हा तर्क सरळ आहे. पण तर्कावर थांबू नये, पाहावे, असे म्हणणारे पुरुष आपल्याच महाराष्ट्रात झाले. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली अशा क्रियांच्या वेळी पोटातील दाब किती उतरतो, हे त्यांनी यंत्रे लावून मोजले. ग्रंथावर श्रद्धा आणि हातात मोजपट्टी, दोन्ही एकत्र नांदू शकतात याचा तो पाठच होय.

त्यानंतर पुष्कळ मोजमाप झाले आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार पूर्ण झालेल्या २०० स्त्रियांपैकी निम्म्यांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड दीड तास हठयोगाचा अभ्यास केला. अभ्यासक्रम संपून तीन महिने झाल्यावर रक्त तपासले, तेव्हा योग करणाऱ्यांचा थकवा कमी होता आणि दाह दाखवणारी तीन द्रव्येही कमी होती. २०१८ मध्ये अशा १५ नियंत्रित प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. सर्व प्रयोगांचा निकाल एकसारखा नसला, तरी योगाभ्यासाने दाहाची द्रव्ये उतरण्याकडे कल दिसतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. वाचकहो, यातील शब्द तोलून घ्या. 'दाह उतरण्याकडे कल' असे म्हटले आहे. 'रोग होत नाही' असे नव्हे.

हे ज्या वाटांनी घडते त्यांतील तीन मुख्य वाटा सांगतो.

पहिली वाट श्वासाची. मेंदूतून निघून मान, हृदय आणि पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा एक लांब मज्जातंतू आहे. (याला इडा किंवा पिंगला म्हणण्याची घाई करू नये, हठयोगातील नाडी आणि शवविच्छेदनात दिसणारा मज्जातंतू यांची सांगड घालणे हा शास्त्राचा अपराध आहे.) उच्छ्वास लांबवला की या मज्जातंतूचा अंमल वाढतो, हृदयाची गती उतरते, देहाला 'संकट टळले' अशी वार्ता जाते. याच मज्जातंतूच्या द्वारे दाह आवरला जातो, हेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले आहे.

दुसरी वाट हालचालीची. पहाऱ्याच्या पेशी रक्तातून फिरतात, तशा लसिका नावाच्या पांढुरक्या द्रवातूनही फिरतात. रक्ताला ढकलायला हृदय आहे. लसिकेला तसा स्वतंत्र पंप नाही. तिच्या नळ्यांचे आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वासाने छातीपोटात होणारी उघडमीट यांवर तिचा प्रवाह चालतो. आसनांत अंग ताणते, वळते, पोट दबते व सुटते. त्याने या प्रवाहाला हातभार लागतो.

तिसरी वाट झोपेची. कोहेन यांनीच २००९ मध्ये १५३ माणसांवर पुन्हा तसाच प्रयोग प्रसिद्ध केला. रात्री ७ तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव ८ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. सायंकाळच्या शवासनाने व मंद श्वसनाने ज्याची झोप सुधारते, त्याचा पहारा असा आपोआप सुधारतो. आम्हां कीर्तनकारांना व जागर करणाऱ्या मंडळींना हे टोचणारे आहे. पण एकादशीचा जागर वेगळा आणि रोज मध्यरात्रीपर्यंत भ्रमणध्वनी चाळीत बसणे वेगळे. जागराची झोप दुसऱ्या दिवशी भरून काढावी. दुसऱ्या जागरणाला तर कारणच नाही.

येथे एक गोड गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. २००१ मध्ये इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि एकदा योगातील मंत्र म्हणवून घेतला. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सुमारे ६ वर आली आणि हृदयाची व रक्तदाबाची लय सुधारली. तो प्रयोग हृदयाचा होता, प्रतिकारशक्तीचा नव्हे. तो आहे तेवढाच घ्यावा. पण संथ नामजप करणाऱ्याला प्राणायामाचा हा एक अंश न मागता मिळतो, एवढे त्यावरून दिसते. गुणगुणण्याविषयीही स्वीडनमधील २००२ चा एक अभ्यास आहे. मुकाट्याने श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणत सोडला, तर नाकाभोवतीच्या पोकळ्यांतून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू १५ पट अधिक बाहेर पडतो, म्हणजे त्या पोकळ्यांत हवा चांगली खेळते. भ्रामरी करणाऱ्याला नाक मोकळे वाटते, त्याचा संबंध येथे लागतो.

शंका आणि समाधान

शंका पहिली: योगाने पहारा सुधारतो, तर लस कशाला? समाधान: चरकाने बळ तीन प्रकारचे सांगितले. जन्मासोबत आलेले ते सहज, ऋतू व वय यांनी येणारे ते कालज, आणि योजनेने मिळवलेले ते युक्तिकृत. आमच्या मते योग युक्तिकृत आणि लसही युक्तिकृत, पण दोघांचे काम वेगळे. योग पहारेकऱ्याला शांत व दक्ष ठेवील. अमुक चोर कसा दिसतो हे त्याला लसच दाखवील. या देशात योग हजारो वर्षे आहे, तरी देवीची साथ गावेच्या गावे ओस पाडीत होती. ती गेली लसीने. १९८० साली जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. मुंबईत प्लेग माजला तेव्हा हाफकिन यांनी तेथेच लस तयार करून १८९७ मध्ये ती आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. त्या माणसाचे धैर्य तपश्चर्येहून उणे नव्हते. तसेच पाण्याचे. पंढरीच्या वाटेवर पूर्वी पटकीने किती माणसे मेली! पटकीचा जंतू पद्मासनाला भीत नाही. तो उकळत्या पाण्याला भितो.

शंका दुसरी: थोड्याने लाभ, तर पुष्कळाने पुष्कळ लाभ का नव्हे? समाधान: हठप्रदीपिका सांगते, की प्राणायाम युक्तीने केला तर रोग जातात आणि अयुक्तीने केला तर उचकी, दमा, खोकला असे रोग उत्पन्न होतात. सिंह किंवा हत्ती जसा हळूहळू माणसाळवतात तसा प्राण वश करावा, असा तिचा दाखला आहे. वाग्भटाने बलवानालाही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम सांगितला आहे. धाप लागून तोंडाने श्वास सुरू झाला, की अर्धी शक्ती संपली असे समजावे. मिनिटाला शंभर भस्त्रिका मारून फुशारकी सांगणारा माणूस देहाला पुन्हा त्या वाघासमोरच उभा करतो, हे त्याच्या ध्यानी येत नाही. पतंजलींनी योगातील नऊ अंतराय सांगताना व्याधीचे नाव पहिले घेतले आहे. रोग हे योगाचे विघ्न आहे. योगानेच रोग ओढवून घेतला, तर त्याला काय म्हणावे?

शंका तिसरी: आम्ही वारीत एवढे चालतो, मग आसने कशाला? समाधान: चालणे उत्तमच, आणि लसिकेच्या प्रवाहाला ते आसनांइतकेच उपयोगी. पण वारी वर्षातून काही दिवस. उरलेले दिवस देह काय करतो, हा प्रश्न आहे.

एक अनुभव

आमच्या परिचयाचा एक पखवाजी. वय चाळिशीच्या आतले, हात असा की ऐकत राहावे. त्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यात सहा महिन्यांची औषधे चालू झाली. सोबत कुणी शिकवला म्हणून तो प्राणायामही करू लागला. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढले, चेहऱ्यावर तेज आले. तेवढ्यात एका उपदेशकाने त्याला सांगितले, "हे प्राणायामाने झाले, गोळ्यांनी उष्णता वाढते, त्या सोड." त्याने सोडल्या. पुढच्या माघीला तो आला तो काठी टेकत. क्षय उलटला होता आणि आता पहिल्या औषधांना दाद देत नव्हता. पुढे दीड वर्ष कडक औषधे घेऊन तो वाचला, पण पखवाज गेला. चार बोल वाजवले की दम लागतो.

यात प्राणायामाचा दोष कोणता? काहीच नाही. गोळ्या घेता घेता त्याने तो चालू ठेवला असता, तर झोप, भूक, मनाची उमेद यांना साह्यच झाले असते. दोष त्या 'सोड' या एका शब्दाचा. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे: योग धरा असे सांगण्याचा अधिकार पुष्कळांना आहे, औषध सोडा असे सांगण्याचा अधिकार उपचार करणाऱ्या डॉक्टरावाचून कुणालाही नाही. आम्हां कीर्तनकारांना तर नाहीच नाही. व्यासपीठावरून सुटलेला शब्द श्रोता घरी नेतो आणि त्यावर चालतो.

नित्यक्रम

गृहस्थाश्रमी माणसाला झेपेल असा क्रम देतो. सकाळी शौचमुखमार्जनानंतर, रिकाम्या पोटी, पाच मिनिटे हातपाय मोकळे करावे. मग पंधरा मिनिटे ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, वक्रासन अशी सोपी आसने करावी, शेवटी शवासन. नंतर ताठ बसून मनात चार मोजेपर्यंत श्वास घ्यावा आणि सहा मोजेपर्यंत सोडावा. एक अंक एका सेकंदाचा धरला तर मिनिटाला बरोबर सहा श्वास होतात. असे पाच ते दहा मिनिटे. श्वास कोंडू नये, जोर करू नये. अखेर पाच वेळा भ्रामरी. ज्याला नाम घ्यायचे त्याने हाच श्वास नामाला जोडावा. वेगळा वेळ लागत नाही. रात्री सात तास तरी झोप.

रक्तदाब, काचबिंदू किंवा हृदयविकार असेल त्याने डोके खाली करण्याची आसने व कुंभक करू नये. अंतर्गळ असलेल्याने व गर्भवतीने कपालभाती करू नये. जाणत्याला विचारून पुढे जावे. ताप असताना आसने बंद. तेव्हा विश्रांती हाच योग. हा क्रम निदान बारा आठवडे अखंड चालवावा. चार दिवस दोन दोन तास आणि मग महिनाभर सुट्टी, याने काही साधत नाही.

माउलींनो, गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग कुणाला साधतो ते सांगितले आहे: ज्याचे खाणे, हिंडणे, झोपणे, जागणे बेताचे त्याला. त्याच अध्यायावर ज्ञानेश्वर महाराजांनी कुंडलिनीचे विलक्षण वर्णन केले. ती वाट अधिकाऱ्यांची, गुरुगम्य. बेताने राहण्याची वाट मात्र तुम्हां-आम्हां सर्वांना मोकळी आहे. पहारेकऱ्याला रोज थोडे चालवा, वेळेवर निजू द्या, खोटी हाकाटी करून घाबरवू नका, नवा चोर आला तर लसीने त्याची ओळख करून द्या, आणि चोर घरात शिरलाच तर डॉक्टरला बोलवायला लाजू नका. एवढे केले की अग्निवेशाच्या प्रश्नातले आपल्या हाती असलेले उत्तर आपण दिले. उरलेले काळाच्या हाती, आणि त्याची चिंता वाहणारा विटेवर उभा आहे.

रामकृष्णहरी.